बाटलींतील वेल

हल्लीं शहरांतील कोणत्याहि घरीं पाहुणे म्हणून जा. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा न्हाणीघरांतील आरशाखालीं एखादी कांचेची बाटली असते आणि तिच्या तोंडांतून हिरव्या-पिवळ्या पानांची एक वेल खालीं लोंबत असते. तिला सर्वजण मनीप्लँट म्हणतात. पाणी संपत आलें कीं वरून थोडें ओतावें, पान पिवळें पडलें कीं खुडून टाकावें, इतकीच काय ती तिची चाकरी. ‘या झाडाला कांहीं करावें लागत नाहीं’ हें वाक्य तिच्याविषयीं जितक्या वेळां ऐकूं येतें तितकें दुसऱ्या कोणत्याहि झाडाविषयीं येत नसेल. माझें मत याच्या उलट आहे, आणि तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें अशी पुष्कळ दिवसांची इच्छा होती. या वेलीला आठवड्यांतून पाव तास तरी द्यावाच लागतो; तो देण्याची तयारी नसेल त्यानें ती घरांत ठेवूं नये. असें कठोर बोलण्याचें कारण पुढें येईल.

प्रथम नांवाचा विचार करूं. पैशाशीं या वेलीचा संबंध कोणता, असें विचारलें असतां कोणी सांगतात कीं तिचें पान नाण्यासारखें आहे. वस्तुतः तें पान बदामाच्या आकाराचें, टोंकाशीं निमुळतें, पाहणाऱ्यास पिंपळाच्या पानाची आठवण करून देणारें असतें. नाण्याचा गोलपणा त्यांत कोठेंच नाहीं. या वेलीचें मूळ गांव म्हणजे प्रशांत महासागरांतील मोरेआ नांवाचें, ताहितीच्या शेजारचें, एक लहानसें बेट. १८८० सालीं यूरोपांत तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें. पुढें वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तिला एका वंशांतून उचलून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असें अनेकदां हलविलें, आणि १९६४ सालीं एपिप्रेम्नम ऑरियम हें आजचें नांव तिला मिळालें. इंग्रजी बोलणारे लोक तिला सैतानाची वेल म्हणतात. कां, तर ती अंधारांतहि हिरवी राहते आणि सहजासहजीं मरत नाहीं. एकाच झाडाला एका देशांत सैतान चिकटावा व दुसऱ्या देशांत लक्ष्मी, यावरून नांवांवर भरंवसा किती ठेवावा हें वाचकांनींच ठरवावें.

नांवापेक्षां त्याला जोडलेली एक समजूत मला अधिक खटकते. ही वेल मागून आणली तर लाभत नाहीं, चोरून आणली तरच घरांत पैसा येतो, असें आपल्याकडे सर्रास सांगतात, आणि तें मुलांदेखत सांगतात. मुलगा शेजाऱ्यांच्या जिन्यांतील कुंडीची फांदी तोडून आणतो आणि घरांतील मोठीं माणसें हांसतात. गोष्ट वीतभर फांदीची आहे, तिचें एवढें काय, असें कोणी म्हणेल. परंतु शेजारच्या मुलाची पेन्सिल उचलली तर शिक्षा आणि शेजारच्यांची वेल उचलली तर कौतुक, हा हिशेब लहान मुलाच्या डोक्यांत कसा बसावा? बरें, चोरण्याची गरज तरी कोठें आहे? देण्याच्या बाबतींत या वेलीइतकें उदार झाड क्वचितच सांपडेल. फांदी छाटली कीं छाटल्या जागेच्या मागून नवीन कोंब फुटतो. म्हणजे देणाऱ्याची वेल उलट अधिक दाट होते. ‘काकू, एक फांदी देतां का?’ असें विचारून पाहावें. ‘एक कशाला, दोन ने, पण पेर बघून काप हो बाळ,’ हेंच उत्तर बहुधा मिळेल.

त्या काकूंच्या म्हणण्यांत झाड लावण्याची सगळी विद्या आहे. पानाचा देठ खोडाला जेथें मिळतो तेथें एक फुगीर गांठ असते व तिच्याजवळ तपकिरी रंगाचा बारीक कोंभ दिसतो. तेंच पेर, आणि तेथूनच मूळ फुटतें. पेराच्या खालीं अर्ध्या इंचावर कापावें. पेर सोडून नुसतें पान तोडून पाण्यांत ठेवलें तर तें बरेच दिवस टवटवीत दिसेल, परंतु त्याची वेल होणार नाहीं. फांदी निवडतांना जिच्या पानांवर पिवळे शिंतोडे चांगले भरलेले आहेत अशीच निवडावी, कारण फांदीला जसा रंग तसाच पुढच्या वेलीला येण्याचा संभव अधिक. या वेलीला फूल जवळजवळ कधींच येत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं फुलण्यास लागणारें जिबरेलिन नांवाचें द्रव्य तिच्या अंगांत पुरेसें तयारच होत नाहीं; तें बाहेरून फवारलें तेव्हां तिला फुलें आलीं. फूल नाहीं म्हणून बीं नाहीं, आणि बीं नाहीं म्हणून घरोघरची प्रत्येक वेल कोणाच्या तरी फांदीपासूनच झालेली आहे.

आतां रंगाविषयीं. आणली तेव्हां जिचें प्रत्येक पान सोनेरी शिंतोड्यांनीं नटलेलें होतें, तीच वेल वर्षभरानें पाहावी तों नवीं पानें साधीं हिरवीं, आकारानें लहान आणि एकमेकांपासून लांब लांब आलेलीं. ‘रंग उडाला,’ असें मालक म्हणतो आणि खत घालतो. रंग उडण्यास तें कापड नव्हे. पानाच्या हिरव्या भागांत हरितद्रव्य असतें आणि प्रकाशाच्या साहाय्यानें अन्न तयार करण्याचें काम तेंच करतें. पिवळ्या-पांढऱ्या भागांत तें अगदीं थोडें असतें. एकत्र कुटुंबांत जशीं कांहीं माणसें मिळवतीं व कांहीं बसून खाणारीं असतात, तसाच हा प्रकार आहे. प्रकाश भरपूर असतो तोंपर्यंत मिळवता भाग दुसऱ्याला सुखानें पोसतो. प्रकाश तुटपुंजा झाला कीं घरांत चैनीला जागा उरत नाहीं, आणि नवीं पानें निव्वळ हिरवीं निघूं लागतात. उलट एखाद्या फांदीचीं सगळींच पानें पांढरीं निघालीं तर ती दिसावयास कितीहि सुंदर असो, फार दिवस तग धरीत नाहीं.

तेव्हां वेलीला जागा शोधतांना आपल्या शोभेचा विचार मागाहून करावा, प्रकाशाचा आधीं. माझी कसोटी सोपी आहे. ज्या जागीं भर दिवसां दिवा न लावतां वर्तमानपत्राचा बारीक टाइप वाचतां येतो, ती जागा वेलीस चालेल. जेथें वाचतां येत नाहीं तेथें ती जगेल पण रंग धरणार नाहीं. पूर्वेकडील खिडकीजवळची, हात-दोन हात आंतली जागा सर्वांत चांगली. दुपारचें कडक ऊन मात्र थेट पानावर येऊं देऊं नये. त्यानें पांढरा भाग प्रथम करपतो. आषाढ-श्रावणांत आभाळ भरून आलें म्हणजे कुंडी खिडकीच्या आणखी जवळ सरकवावी. एकदां हिरवें निघालेलें पान पुन्हां पिवळें होत नाहीं, म्हणून त्याची वाट पाहत बसूं नये. निव्वळ हिरवी झालेली फांदी मागच्या रंगीत पानाच्या पेरापर्यंत छाटावी आणि पुढच्या पानांकडे लक्ष ठेवावें. पानांवर धूळ बसली तर ओल्या फडक्यानें पुसावी. पानाखालीं तळहात धरून हलकेंच पुसण्याचें हें काम लहान मुलें फार आवडीनें करतात.

लोंबणारी वेल आणि चढणारी वेल यांत एक मोठी गंमत आहे. कोकणांत व गोव्यांत नारळाच्या किंवा आंब्याच्या बुंध्यावर चढलेली, हातभर लांबीच्या, कांठाशीं फाटलेल्या पानांची एक दांडगी वेल पुष्कळांनीं पाहिली असेल. ती हीच आपली बाटलींतील वेल, हें सांगितलें तर कित्येकांस खरें वाटत नाहीं. आधार मिळून वर चढूं लागली कीं हिचीं पानें मोठीं होत जातात, आणि खालीं लोंबूं लागली कीं लहान होत जातात. ज्यांना मोठीं पानें हवीं असतील त्यांनीं कुंडींत काथ्या गुंडाळलेला दांडा रोवून त्यावर वेल चढवावी व काथ्या ओला ठेवावा. मला स्वतःला लोंबती वेलच अधिक आवडते; परंतु तिचे पांच-सहा हात लांब, मध्यें मध्यें पानें गळून उघडे पडलेले दोर भिंतीवर खिळे ठोकून फिरविण्याची जी हौस कित्येक घरांत दिसते, तिच्यांत सौंदर्य कोणतें हें मला कळलेलें नाहीं. असे दोर छाटून त्याच कुंडींत लावले तर महिन्या-दोन महिन्यांत कुंडी भरून जाते.

आतां बाटलीकडे येतों. या लेखाचें खरें कारण तीच आहे.

हिवतापाचे जंतु डासाच्या पोटांत सर रोनाल्ड रॉस यांना १८९७ सालीं सिकंदराबादेस आढळले, हें आमचे विद्यार्थी शिकलेले असतात, आणि डास म्हटला कीं गटार, डबकें व रात्र हें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. डेंग्यूचा डास या चित्रांत बसत नाहीं. त्याच्या काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसां चावतो, विशेषेंकरून सकाळीं आणि सूर्यास्तापूर्वीं, म्हणजे नेमका मुलें अभ्यासाला किंवा खेळायला बसतात त्या वेळीं. तो आपल्याच घरांत, पलंगाखालीं व टांगलेल्या कपड्यांमागें राहतो. आणि त्याच्या मादीला अंडीं घालावयास पाणी लागतें तें घाण नव्हे, तर भांड्यांत सांचून राहिलेलें, बऱ्यापैकीं स्वच्छ पाणी. ‘आमच्या बाटलींतलें पाणी अगदीं नितळ असतें हो,’ असें एखाद्या गृहिणीनें अभिमानानें सांगितलें तर तिला काय उत्तर द्यावें? तसलेंच पाणी त्या मादीला हवें असतें.

ती अंडीं पाण्यांत घालीत नाहीं. पाण्याच्या पातळीच्या किंचित् वर, बाटलीच्या आंतल्या ओलसर बाजूला चिकटवते. पाणी आटलें तरी तीं मरत नाहींत. कित्येक महिने तशींच कोरडीं टिकून राहतात, आणि पाणी पुन्हां चढून तीं भिजलीं कीं फुटतात. मग अळी, अळीचा कोष, कोषाचा डास. उष्ण हवेंत हा सगळा प्रवास ७ ते १० दिवसांत पुरा होतो. आतां वाचकांनीं आपल्या घरची रीत आठवावी. पाणी आटतें, आपण वरून ओततों. पुन्हां आटतें, पुन्हां ओततों. आपल्याला वाटतें आपण वेलीला जगवीत आहों. वस्तुतः कोरड्या पडलेल्या अंड्यांना आपणच वेळेवर पाणी पाजीत असतों. वेलीच्या मुळांचें जाळें दाट झालें असेल तर त्या अळ्या आपल्या दृष्टीसहि पडत नाहींत. डेंग्यूच्या विषाणूला मारणारें नेमकें औषध अद्याप नाहीं. उपचार लक्षणांवर करावे लागतात, आणि कांहीं रोग्यांना, त्यांत लहान मुलेंहि आलीं, जिवावरचें दुखणें होतें. चिकुनगुन्याहि हाच डास पसरवितो. मुंबईंत महानगरपालिकेच्या कीटकनाशक विभागाचे लोक तपासणीस येतात तेव्हां पिंपें व टायर यांच्याबरोबर मनीप्लँटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्याहि पाहतात. त्यांच्या येण्याचा पुष्कळांना त्रास वाटतो. मला तो वाटत नाहीं.

ज्यांना बाटलीच ठेवावयाची असेल त्यांनीं आठवड्याचा एक वार नक्की ठरवावा. त्या दिवशीं वेल बाहेर काढून मुळें नळाखालीं धुवावीं, पाणी मोरींत न ओततां कोरड्या मातीवर किंवा उन्हांत टाकावें, आणि बाटलीची आंतली बाजू ब्रशनें घांसून काढावी. हें घांसणें मुख्य आहे. नुसतें पाणी बदलल्यानें चिकटलेलीं अंडीं निघत नाहींत. त्यावरून हेंहि ओघानेंच आलें कीं ज्या बाटलीच्या तोंडांत ब्रश जात नाहीं ती बाटली या कामास निरुपयोगी; सरबताच्या रिकाम्या बाटल्यांचा मोह सोडून रुंद तोंडाची बरणी घ्यावी. कुंडीखालच्या ताटलीसहि हाच नियम.

परंतु माझा खरा सल्ला बाटली सोडण्याचा आहे. मुळें दोन-तीन इंच लांब झालीं कीं वेल कुंडींत लावावी. कुंडीच्या तळाला भोंक हवें. माती भुसभुशीत, तींत थोडी वाळू व कुजलेलें शेणखत. पाण्यांतून मातींत आल्यावर एक-दोन पानें गळतात. घाबरूं नये, पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवावी. नंतर पाणी द्यावयाचें तें घड्याळ पाहून नव्हे, बोट पाहून. बोटाचीं दोन पेरें मातींत खुपसावीं. ओल लागली तर त्या दिवशीं पाणी नको. घरांतील वेली तहानेनें मरतात त्यापेक्षां अधिक अति पाण्यानें मरतात. मुळांना हवा मिळाली नाहीं कीं तीं कुजतात, आणि कुजलेलें मूळ पाणी ओढूं शकत नाहीं म्हणून वेल सुकलेली दिसते. ती सुकली म्हणून आपण आणखी पाणी घालतों. पावसाळ्यांत ही गोष्ट विशेष सांभाळावी.

ज्या घरांत रांगणारें मूल किंवा मांजर आहे त्यांनीं वेल त्यांच्या हाताला किंवा तोंडाला लागणार नाहीं इतक्या उंचीवर टांगावी. आपला अळू, आपला सुरण यांच्याच कुळांतील ही वेल आहे. अळू नीट शिजला नाहीं तर घसा खवखवतो तो त्यांतील सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळें. तसेच स्फटिक हिच्या पानांत व देठांत असतात. अळू आपण चिंच घालून शिजवून खातों, मूल मात्र वेलीचें पान कच्चेंच चावतें. मग ओठ व जीभ सुजून तें रडून आकांत करतें. छाटणी केल्यावर हात साबणानें धुवावेत.

ही वेल घरांतील विषारी हवा शुद्ध करते, असेंहि हल्लीं ठासून सांगतात. त्याचें मूळ अमेरिकेंतील नासा या संस्थेच्या १९८९ सालच्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग बंद पेटींत केलेले होते. आपलें घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ सालीं दोघा संशोधकांनीं असे पुष्कळ प्रयोग तपासून हिशेब मांडला, तेव्हां साध्या वायुवीजनाइतका परिणाम होण्यास दर चौरस मीटर जमिनीला १० पासून १००० पर्यंत झाडें लागतील असें निघालें. तेवढ्या झाडांत माणसांनीं बसावें कोठें? हवा हवी असेल तर खिडकी उघडावी. तिनें वेलीलाहि प्रकाश मिळेल.

छाटलेल्या फांद्या ओढ्याच्या कांठीं किंवा रानाच्या कडेला फेंकूं नयेत, हेंहि सांगितलें पाहिजे. श्रीलंकेंत कँडी शहराला लागून असलेल्या उडवट्टकेले या संरक्षित अरण्यांत हीच वेल शिरली आणि तेथील जमीन व झाडें व्यापून बसली आहे. जी बाटलींत इतकी गरीब दिसते ती मोकळी सुटली कीं गरीब राहत नाहीं. फांद्या वाळवून मग टाकाव्या.

शेवटीं आमच्या शाळेपुरतें एक सुचवितों. वर्गावर्गांतील खिडक्यांत विद्यार्थ्यांनीं हौसेनें बाटल्या मांडल्या आहेत, आणि त्या पाहून मला आनंदच होतो. परंतु दिवाळीची सुट्टी येते ती पावसाळा नुकताच सरल्यावर, डेंग्यूचा जोर असतो त्याच दिवसांत. वर्गाला कुलूप लागतें आणि बाटल्यांकडे कोणी फिरकत नाहीं. सुट्टी संपून मुलें बांकांवर येऊन बसतात तोंवर एका नव्हे, दोन पिढ्यांचे डास त्या वर्गांत तयार झालेले असूं शकतात. यासाठीं सुट्टीपूर्वींच्या शेवटच्या शनिवारीं प्रत्येक वर्गानें आपल्या बाटल्या रिकाम्या करून, घांसून, उपड्या ठेवाव्या, आणि वेली कुंड्यांत लावून ज्या विद्यार्थ्यांचें घर जवळ आहे त्यांच्याकडे द्याव्या. पालकांनीं त्या कुंडीला पाणी घालण्याचें काम गड्याला किंवा मोलकरणीला न सांगतां त्या मुलाकडेच राहूं द्यावें. कुंड्या व माती यांची सोय शाळेच्या बागेंतून होऊं शकेल; शाळेच्या चालकांनीं या सूचनेचा विचार येत्या पावसाळ्यापूर्वीं करावा अशी विनंति आहे.